न उतरणारा ताप, सुजलेला घसा, मानेतल्या गाठी: ग्रंथिज्वराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की बेळगावात ताप आलेल्या प्रत्येकाचं रक्त डेंग्यू आणि टायफॉईडसाठी तपासायला जातं. त्यात चूक काही नाही. पण कॉलेजच्या वयाचं एखादं पोर आठवडा उलटला तरी तापातच असतं. घसा इतका सुजलेला की थुंकी गिळवत नाही, मानेला दोन्ही बाजूंनी गाठी, आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही उतार नाही. मग कधीतरी कागदावर ग्लँड्युलर फिव्हर, म्हणजे ग्रंथिज्वर, हे नाव येतं आणि घरच्यांचे प्रश्न सुरू होतात. दवाखान्यात, फोनवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. हे वाचून तपासणी टाळू नका, एवढंच.

हा आजार नेमका कशाचा?

एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूचा. थोडक्यात ईबीव्ही. रिपोर्टवर इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस किंवा नुसतं ‘मोनो’ लिहिलं असेल तर तेही हेच. गाठी आणि तापाचं हे दुखणं जर्मन डॉक्टर एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये लिहून ठेवलं, पण कारण सापडायला पाऊणशे वर्षं गेली. १९६४ मध्ये अँथनी एप्स्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना आफ्रिकेतल्या मुलांना होणाऱ्या एका कॅन्सरच्या पेशींत हा विषाणू दिसला. या तापाशी त्याचा धागा जुळला तो जवळजवळ योगायोगानं. फिलाडेल्फियात गर्ट्रूड आणि वेर्नर हेन्ले या शास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली. आधी तिच्या रक्तात या विषाणूच्या अँटिबॉडी नव्हत्या, आजारानंतर त्या सापडल्या. १९६८ मध्ये हा संबंध प्रसिद्ध झाला.

विषाणू लाळेतून घशात शिरतो आणि बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत मुक्काम ठोकतो. त्यांना आवरण्यासाठी शरीर दुसऱ्या जातीच्या, टी-पेशी, भराभर वाढवतं. गाठी, वाढलेली प्लीहा (जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात ती), ताप, गळून जाणं, यातलं बरंचसं विषाणूनं थेट केलेलं नसतं. शरीराच्या स्वतःच्या या धावपळीचा तो परिणाम असतो. म्हणूनच गोळ्या बदलून तो पटकन आटोपत नाही.

आमच्या वेळी हे नावसुद्धा नव्हतं. नवीन निघालंय काय?

नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो. तुम्हालाही बहुधा झालाच असेल, फक्त कळलं नाही. एकाच ताटात जेवणारी चार भावंडं, आजीनं स्वतः चावून मऊ केलेला घास नातवाला भरवणं, एकच तांब्या सगळ्यांच्या तोंडाला, अशा घरात तो दोन-चार वर्षांच्या वयातच पोचतो. त्या वयात दोन दिवसांचा ताप आणि वाहतं नाक, इतपतच होतं. पुष्कळ मुलांना तेवढंही होत नाही.

घरं लहान झाली, मुलं एकटी वाढू लागली, की विषाणूशी पहिली भेट उशिरा होते. तीच पंधरा ते चोवीसच्या वयात झाली की शरीर जोरात उसळतं आणि खरा ग्रंथिज्वर दिसतो. त्यामुळे टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला तो दणक्यात झाला आणि गावाकडच्या चुलतभावाला काहीच नाही, असं होऊ शकतं. त्यात गावाकडचा मुलगा ‘काटक’ वगैरे असण्याचा संबंध नाही.

इंटरनेटवर याला ‘किसिंग डिसीज’ म्हटलंय. मुलीचं लग्न ठरलंय. काय समजायचं?

हा प्रश्न नेहमी मुलीला बाहेर बसवून, हळू आवाजात विचारला जातो. मुलाच्या बाबतीत सहसा कुणी विचारत नाही.

काहीच समजायचं नाही. विषाणू लाळेतून पसरतो, आणि लाळ एकाची दुसऱ्याला लागायला चुंबनच लागतं असं नाही. मेसमध्ये उष्टा ग्लास, मैदानावर तोंड लावून फिरणारी पाण्याची बाटली, एकाच चमच्यानं खाल्लेला कुंदा, दोघांत ओढलेली सिगारेट, लहान भाच्याचा पापा, यांतलं काहीही पुरतं. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. बरा झालेला माणूसही पुढे कित्येक महिने, आणि नंतर अधूनमधून आयुष्यभर, लाळेतून विषाणू सोडत असतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. तेव्हा कुणाकडून आला याचा छडा लावणं जवळपास अशक्य आहे. या निदानावरून कुणाच्या चारित्र्याचा अंदाज बांधू नये आणि सोयरिकीत हा विषय काढायचीही गरज नाही.

सुरुवात कशी होते?

बहुतेकदा गुपचूप. तीन-चार दिवस नुसती कसकस, अंगदुखी, जेवणावर वासना नाही. मग ताप चढतो, संध्याकाळी जास्त. घसा सुजतो, टॉन्सिलवर पांढरट-करडा थर येतो. मानेच्या गाठी फुगतात. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसणं ही एक चुकवू नये अशी खूण आहे. घरचे ती जागरणावर ढकलतात. टाळूवर बारीक लाल ठिपके दिसू शकतात. साधारण निम्म्या रुग्णांत प्लीहा वाढते. ताप दहा-पंधरा दिवस राहू शकतो, घसा त्याच्या आधी बरा होतो, आणि थकवा सगळ्यांत शेवटी जातो.

साधा टॉन्सिल आणि हा, फरक कसा ओळखायचा?

नुसतं घशात टॉर्च मारून ओळखू येईलच असं नाही. दोन्हींत टॉन्सिल लाल, वर पांढरं. डॉक्टर मानेवर बोटं फिरवतात ती त्यासाठीच. जिवाणूंच्या टॉन्सिलमध्ये गाठी पुढे, जबड्याच्या कोपऱ्याखाली येतात. ग्रंथिज्वरात त्या मानेच्या मागच्या अंगालाही येतात. डोकं एका बाजूला वळवल्यावर कानामागून गळपट्टीकडे जाणारा जाड स्नायू उठून दिसतो, त्याच्या मागच्या खोबणीत ओळीनं. हाताला त्या रबरासारख्या लागतात, सरकतात, दाबल्यावर थोड्या दुखतात. काखेत आणि जांघेतही असू शकतात. नंतर रुग्णाला उताणं झोपवून, गुडघे दुमडायला सांगून, पोटावर हात ठेवतात आणि मोठा श्वास घ्यायला लावतात. वाढलेली प्लीहा श्वासाबरोबर खाली येऊन डाव्या फासळीखाली बोटांना टेकते. जोर लावून दाबायचं नसतं, आणि घरच्यांनी तर हा प्रयोग करूच नये.

घशातला थर राखाडी, चिकट, खरवडल्यावर रक्त येणारा असेल, मान बैलासारखी सुजली असेल आणि लहानपणीच्या लसी अर्धवट राहिल्या असतील, तर आधी घटसर्प, म्हणजे डिप्थीरिया, नाही ना हे बघावं लागतं. उत्तर कर्नाटकात त्याचे रुग्ण अजून सापडतात. ते निदान उद्यावर टाकता येत नाही.

कुठली रक्ततपासणी करायची? लॅबवाले चार-पाच नावं सांगतात.

पहिली आणि सगळ्यांत उपयोगाची म्हणजे साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गल्लीतल्या लॅबमध्येही होते. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात आणि त्यात लिम्फोसाइटचं प्रमाण निम्म्याच्या वर जातं. जिवाणूंच्या टॉन्सिलमध्ये उलटं, न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात. पण मशिननं काढलेल्या आकड्यांवर थांबू नये. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायला सांगावं. ग्रंथिज्वरात तिथे मोठ्या, वेड्यावाकड्या लिम्फोसाइट दिसतात. त्यांचा निळसर काठ शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगून दुमडलेला असतो, आणि जिथे स्पर्श होतो तिथे निळा रंग गडद होतो. अशा ‘अ‍ॅटिपिकल’ पेशी शंभरात दहाच्या वर निघाल्या आणि लक्षणं जुळली की निदान बऱ्यापैकी पक्कं होतं. अनुभवी पॅथॉलॉजिस्टची दोन मिनिटं इथे महागड्या पॅनेलपेक्षा जास्त कामाची, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर मोनोस्पॉट ही चाचणी. पॉल आणि बनेल या दोघांनी १९३२ मध्ये दाखवून दिलेल्या एका विचित्र गोष्टीवर ती उभी आहे: या रुग्णांच्या रक्तात मेंढीच्या तांबड्या पेशींना गोळा करणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. चाचणी झटपट होते, पण पहिल्या आठवड्यात चारातल्या एका रुग्णाला ती चुकीनं निगेटिव्ह येऊ शकते, आणि चार वर्षांखालच्या मुलांत तर भरवशाचीच नाही. तेव्हा लक्षणं पक्की आणि मोनोस्पॉट निगेटिव्ह असेल तर आठवड्यानं परत करा.

तरीही शंका उरली तर ईबीव्हीच्या नेमक्या अँटिबॉडी बघतात. छोट्या लॅब हे सँपल पुढे पाठवतात, रिपोर्टला वेळ लागतो. व्हीसीए आणि ईबीएनए हे विषाणूचे दोन भाग; आयजीएम ही लागणीनंतर आधी येणारी अँटिबॉडी, आयजीजी ही पुढे टिकून राहणारी. वाचायचं असं: व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनए निगेटिव्ह, तर लागण ताजी. आयजीएम निगेटिव्ह पण व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए दोन्ही पॉझिटिव्ह, तर लागण जुनी, आत्ताच्या तापाचं कारण दुसरं शोधा. नुसतं ‘ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’ बघून घाबरून धावत येणारे खूप असतात. तो रिपोर्ट आपल्यातल्या बहुतेकांचा पॉझिटिव्हच येईल.

सोबत यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी, करतात, कारण बहुतेकांत त्यातलं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम थोडं वाढलेलं असतं. खरी कावीळ थोड्यांनाच होते.

आणि विडाल, म्हणजे टायफॉईडसाठी करतात ती रक्तचाचणी. एकट्या विडाल चाचणीवर टायफॉईड ठरवू नये. जुनी लागण, जुनी लस, दुसरे ताप, कशानंही ती पॉझिटिव्ह दिसू शकते. टायफॉईडचा खरा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर पाठवायला हवं. ग्रंथिज्वराची कितीतरी पोरं ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणून चौदा-चौदा दिवस इंजेक्शनं घेऊन येतात.

प्लेटलेट एक लाखावर आल्यात. म्हणजे डेंग्यूच ना?

नसेलही. ग्रंथिज्वरातही प्लेटलेट थोड्या उतरतात. डेंग्यूत ताप एकदम भडकतो, डोळ्यांमागे दुखतं, हाडं मोडल्यासारखी वाटतात, आणि बहुधा आठवड्याच्या आत ताप निघून जातो. घशावर जाड थर आणि मानेमागे गाठी हे डेंग्यूचं चित्र नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन ही डेंग्यूची चाचणी आणि नंतर डेंग्यू आयजीएम करून शंका मिटवावी. ती मिटेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांतलं काही घेऊ नका, फक्त पॅरासिटॅमॉल.

आम्ही खानापूर तालुक्यातले, जंगलाला लागून राहतो. माकडताप तर नसेल?

विचारलंत ते बरं झालं, कारण शहरातल्या डॉक्टरला तुम्ही कुठून आलात हे तुम्हीच सांगायला हवं. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये शिवमोग्गा भागात पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे तो उत्तरेकडे सरकला: २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात. हे सगळं चोर्ला घाटाच्या पलीकडचं. आपल्याकडची माणसं काजूच्या हंगामात तिकडे मजुरीला जातात. गोचिडीच्या चाव्यातून तो होतो, साधारण डिसेंबर ते मे या काळात. ताप अचानक येतो, डोकं आणि कंबर प्रचंड दुखते, पुढे हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ शकतं. गेल्या दोन-तीन आठवड्यांत रानात गेला असाल, लाकूडफाटा किंवा काजू गोळा केला असेल, परिसरात माकडं मेलेली दिसली असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. त्याची तपासणी वेगळी असते आणि सरकारी यंत्रणेमार्फत होते. माकडताप घशापेक्षा अंगावर जास्त काढतो, एवढा फरक ध्यानात असू द्या.

गाठी म्हणजे टीबी किंवा कॅन्सर तर नाही?

ही भीती घेऊन येणारे सर्वांत जास्त. आपल्याकडे मानेच्या टीबीच्या गाठी खरोखरच भरपूर आढळतात, त्यामुळे ती निराधार म्हणता येत नाही. फरक वेळात आहे. ग्रंथिज्वराच्या गाठी घशाबरोबर दोन्ही बाजूंना येतात आणि तीन-चार आठवड्यांत बसायला लागतात. टीबीची गाठ बहुधा एका बाजूला, सावकाश वाढणारी, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटलेल्या, कधी मऊ पडून वाहणारी. कॅन्सरची गाठ कडक, न दुखणारी असू शकते. महिन्याभरानंतरही गाठ कमी होत नसेल, वाढत असेल, गळपट्टीच्या हाडावर असेल, किंवा सोबत वजन घटतंय, रात्री घामानं कपडे भिजतात, तर सुईनं नमुना घेऊन तपासावं. त्याआधी घाईनं गाठ कापून घेऊ नये. ताज्या ग्रंथिज्वरातली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी लिम्फोमासारखी, म्हणजे गाठींच्या कॅन्सरसारखी, दिसते, आणि मग विनाकारण घर हादरतं.

गाठीवर चुना-गुळाचा लेप लावू नका, चोळू नका. कातडी भाजते आणि तपासणाऱ्याला काही कळेनासं होतं.

याच चित्राचे आणखी काही वाटेकरी आहेत: सायटोमेगॅलो विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि एचआयव्हीची अगदी सुरुवातीची लागण. मोनोस्पॉट निगेटिव्ह आणि चित्र मात्र तेच, असं असेल तर डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवतील. तो अपमान समजू नका.

मेडिकलमधून अमोक्सिसिलिन आणून दिलं आणि अंगभर लाल पुरळ उठलं. अ‍ॅलर्जी आहे काय?

ग्रंथिज्वरात अमोक्सिसिलिन किंवा अ‍ॅम्पिसिलिन घेतलं की पुष्कळांना असं पुरळ उठतं. छाती-पाठीवर सुरू होऊन हातापायांवर पसरतं, खाजतं, आणि बहुधा गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी येतं. गोळी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ही बहुधा आयुष्यभराची पेनिसिलिन अ‍ॅलर्जी नसते, त्या विषाणूच्या काळापुरतीच प्रतिक्रिया असते. पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर थेट दवाखाना गाठा.

एका अर्थी हे पुरळ निदानाला मदतच करतं. ‘टॉन्सिलची गोळी दिली, पुरळ उठलं, ताप तसाच’ असं कुणी सांगितलं की आधी ग्रंथिज्वर आठवतो. तरी मुद्दाम गोळी देऊन बघायचा हा उद्योग नव्हे.

मग औषध काय?

विषाणू मारणारं, या आजारात खरोखर उपयोगी पडेल असं औषध नाही. असायक्लोविर वापरून पाहिलं गेलंय, दुखणं त्यानं आटोपत नाही. अँटिबायोटिक फक्त तेव्हा, जेव्हा घशात सोबत जिवाणूंचीही लागण असल्याचं दिसतं.

ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल: मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. मुलांना वजनाप्रमाणे. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असतं, ते धरून हिशोब करा. एसजीपीटी बरंच वाढलं असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच. मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, आणि झोप येईल तितकी झोप. चोवीस तास अंथरुणाला खिळून राहायला हवं असं नाही, घरात फिरलं तरी चालतं.

स्टेरॉइडबद्दल जरा जोर देऊन सांगतो. एका इंजेक्शनात ताप उतरतो, माणूस उठून बसतो, आणि इंजेक्शन देणाऱ्याचं नाव होतं. पण या आजारात स्टेरॉइडचं काम मोजकंच आहे: टॉन्सिल सुजून श्वासाची वाट अडायला लागली, प्लेटलेट धोक्याच्या पातळीला गेल्या, किंवा तांबड्या पेशी फुटू लागल्या तर. तेही हॉस्पिटलमध्ये. इंजेक्शनच्या बाटलीचं नाव विचारा, तो तुमचा हक्क आहे.

सलाईन लावलं की लगेच बरं वाटंल काय?

पाणी गिळता येत असेल तर सलाईनची गरज नाही.

गुळवेलीचा काढा? काविळीचं गावठी औषध?

तुळस, आलं, मध घालून कोमट काही प्यायल्यानं घशाला बरं वाटतं, खुशाल प्या. गुळवेल मात्र या काळात नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, तो वाद बाजूला ठेवला तरी सुजलेल्या यकृतावर प्रयोग कशाला? काविळीच्या मुळ्यांनाही हेच लागू. डोळे पिवळे झालेत असं वाटलं तर एलएफटी करा. डाग देणं, मंत्र घालून घेणं यात दिवस घालवू नका. दारू महिना-दीड महिना पूर्ण बंद. यकृत रिपोर्टवर पूर्ववत दिसेपर्यंत.

तालमीला कधी जाऊ? भरतीची तयारी चालू आहे.

बेळगावात हा प्रश्न हमखास येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथेच, त्यामुळे पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं गावोगाव. कंग्राळी-येळ्ळूरकडची पोरं आखाड्यात, शाळांचे कबड्डीचे संघ वेगळेच. आणि नेमकं हेच वय ग्रंथिज्वराचं.

अडचण प्लीहेची आहे. ती डाव्या फासळ्यांच्या आड लपलेली असते. वाढली की खाली सरकते, तिचं आवरण ताणून पातळ होतं. अशा वेळी पोटावर गुडघा बसला, पाठीवर आपटलं, किंवा काही वेळा नुसता जोर लावला, तरी ती फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांना हे होतं, पण ज्याला होतं त्याच्या जिवावर बेततं. बहुतेक घटना पहिल्या तीन आठवड्यांतल्या.

म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून निदान तीन आठवडे कसलाही व्यायाम नाही. पळणं, जोर-बैठका, वजन उचलणं, सगळं बंद. शेतावर भाताची पोती उचलणं आणि ऊस भरणं हाही व्यायामच. नंतर ताप गेलेला, अंगात जोर आलेला, असं असेल तर चालणं, मग हळू पळणं. कुस्ती, कबड्डी, फुटबॉल यांना कमीत कमी चार आठवडे, आणि तेही डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्यावर. सोनोग्राफी करून घ्यावी का? शंका असेल तर करा, पण एकाच सोनोग्राफीवर विसंबू नका. उंच, कसलेल्या पोराची प्लीहा मुळातच जरा मोठी असू शकते, त्यामुळे आधीचं माप माहीत नसताना ‘वाढलीय की नाही’ हे कागद नीट सांगत नाही. कॅलेंडर जास्त भरवशाचं.

मैदानाची तारीख ठरलीय, वस्ताद बोलावतायत, गावच्या यात्रेत नाव पुकारलं जाणार आहे, ही सगळी कारणं ऐकून घेतली तरी उत्तर तेच राहतं. वस्तादांना दवाखान्यात घेऊन या, त्यांना समजावून सांगता येतं. बहुतेक वस्ताद पोरांपेक्षा लवकर ऐकतात.

घरात वेगळं ठेवायचं का? कॉलेज कधी?

वेगळी खोली नको. ग्लास, चमचा, बाटली, टूथब्रश वेगळे आणि लहान बाळाचा पापा घ्यायचा नाही, एवढं पुरे. घरातल्या मोठ्यांना बहुधा तो आधीच होऊन गेलेला असतो. अंगात ताकद आली की कॉलेजला जा, ठरावीक दिवस मोजायची गरज नाही.

खायला काय द्यायचं?

गिळवेल ते. मऊ भात, पेज, ताकातली ज्वारीची आंबील, वरण, दूध, अंडं. ताक, दही, थंड आइस्क्रीम घशाला उलट बरं वाटतं. ‘थंड दिलं की वाढतं’ हे इथे लागू नाही. तिखट रस्सा काही दिवस बाजूला ठेवा.

महिना झाला, ताप नाही, तरी पोरगी झोपूनच असते. पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) वर्ष आहे. नाटक करते काय?

नाटक नाही. थकवा हा या आजाराचा सर्वांत चिवट भाग. बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत सावरतात, पण साधारण दहातल्या एकाला सहा महिन्यांनंतरही पूर्वीसारखा उत्साह नसतो. रक्ताचे रिपोर्ट तोवर नॉर्मल झालेले असतात आणि म्हणूनच घरच्यांचा विश्वास बसत नाही.

अभ्यासाला एकदम पाच तास बसवू नका. अर्धा तास, विश्रांती, पुन्हा अर्धा तास. बरं वाटलं म्हणून एका दिवशी सगळं उरकून दोन दिवस पडून राहणं, हा फेरा टाळायचा. दुपारची झोप लहान, रात्रीची ठरावीक वेळी. ट्यूशन दोन असतील तर एक थांबवा. कॉलेजला वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत द्या, हजेरीची कटकट परीक्षेच्या तोंडावर निस्तरत नाही. थकवा तीन महिन्यांपुढे गेला तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, आणि मन खचलंय का हेही विचारा. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी हे करा.

एकदा झाला की परत होतो का? पुढे काही मोठं निघतं असं वाचलं.

विषाणू शरीरात कायम राहतो, पण झोपलेला. ग्रंथिज्वर पुन्हा होणं विरळ. काही कॅन्सरशी ईबीव्हीचा संबंध आहे हे खरं, आणि २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशीही त्याचा पक्का दुवा दिसला. पण हा विषाणू जवळपास सगळ्यांना होतो आणि ते आजार फार थोड्यांना, त्यामुळे यावरून झोप उडवून घेऊ नये. लस अजून नाही, संशोधन चालू आहे.

सून गरोदर आहे आणि घरात हा आजार.

ईबीव्हीमुळे बाळाला व्यंग येतं असं ठोस काही दिसलेलं नाही. पण असंच चित्र दाखवणारे सायटोमेगॅलो विषाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा गरोदरपणात महत्त्वाचे ठरतात. तिला स्वतःला ताप आणि गाठी आल्या तर प्रसूतितज्ज्ञांना लगेच सांगा.

रात्री-अपरात्री धावत जावं असं कधी?

डाव्या फासळीखाली अचानक जोराची कळ आली, किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखू लागलं, सोबत चक्कर, घाम, चेहरा पांढरा. ही फुटलेल्या प्लीहेची लक्षणं असू शकतात, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा. झोपल्यावर श्वास घोरल्यासारखा घरघरतो, थुंकी गिळता न येता बाहेर गळते, तोंड उघडत नाही. डोळे पिवळे. नाकातून-हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर जांभळे डाग. मान ताठ, बोलणं असंबद्ध, झटका. लघवी आठ-दहा तास झालेली नाही.

यांतलं काही असेल तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल, जे आधी गाठता येईल ते. कणकुंबी-जांबोटीकडच्यांनी पावसात घाटरस्त्याचा वेळ धरूनच निघावं.

कोल्हापूरला किंवा मिरजेला दुसरं मत घ्यायचंय. काय न्यायचं?

सगळे मूळ रिपोर्ट तारखेच्या क्रमानं, आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाची रिकामी पाकिटं. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर तिकडचा डॉक्टर काही ठरवू शकत नाही. ताप कुठल्या तारखेला सुरू झाला ते पहिल्या पानावर लिहा, कारण मोनोस्पॉटचा अर्थ आणि तालमीची तारीख दोन्ही त्यावरूनच मोजायच्या असतात. रक्ताची रंगवलेली काच लॅबकडे शिल्लक असेल तर तीही मागून घ्या, बहुतेक लॅब देतात. केस पेपरवरचा शेरा कन्नडमध्ये असेल तर निघण्याआधी इथल्याच डॉक्टरांकडून इंग्रजीत दोन ओळींचं पत्र घ्या.